उजवीकडची चळत

"डावीकडचं सोडा सर. ते मुंबईला जातंय."

चाचांनी मान वर केली नाही. एका जळक्या टेबलफॅनच्या मोटारीतून ते तांब्याची तार सोडवत बसले होते. त्यांच्या लेखी ते काम माझ्यापेक्षा जास्त पैशाचं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. सोलापुरात विजापूर वेशीच्या पुढं एका बोळात त्यांचं भंगाराचं दुकान आहे. पत्र्याचं छप्पर, एप्रिलची दुपार, आत जुन्या कुलरचे सांगाडे, सायकलच्या रिंगा, पितळी नळांची टोपली. आणि पोत्यावर रेकॉर्डींच्या दोन चळती. डावीकडं हिंदी सिनेमाच्या मोठ्या एलपी, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली. उजवीकडच्या नुसत्याच एकावर एक रचलेल्या. बहुतेक लहान ईपी, मधेमधे ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या जाड प्लेटा, बऱ्याचशा विनाकव्हर.

"आणि उजवीकडचं?"

"ते काय, तेलगू-बिलगू, कानडी, भजन-बिजन. वीस-वीस द्या. सगळं उचललात तर पंधरानं लावतो."

माझ्याकडं आज जे काही आहे ते जवळजवळ सगळं या उजवीकडच्या चळतीतलं आहे. या नाही तर दुसऱ्या कुठल्या दुकानातल्या, पण उजवीकडच्याच. त्याला संग्रह म्हणणं जरा जास्त होईल. सव्वादोनशे रेकॉर्डी असतील, आणि त्यातल्या निम्म्या ज्या भाषांतल्या आहेत त्या मला धड येत नाहीत.

रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या गोष्टीत सहसा एक आजोबा असतात. त्यांचा चावीचा फोनो असतो, दिवाणखाना असतो, रविवारची सकाळ असते. आमच्याकडं यातलं काही नव्हतं. वडील एका मिलमध्ये कामाला होते, दोन खोल्यांचं घर होतं आणि फळीवर एक रेडिओ होता. रेकॉर्ड नावाची गोष्ट मी लहानपणी फक्त कर्ण्यातून ऐकली. लग्नघरी पहाटे पाचला मांडवाच्या वाशाला बांधलेला कर्णा सुरू व्हायचा तो थेट वरात निघेपर्यंत. ती रेकॉर्ड कुठं फिरतेय, कोण लावतंय, हे कधी दिसलं नाही. वयाची चाळिशी येईपर्यंत मी एकही रेकॉर्ड हातात धरलेली नव्हती.

धंद्यानं मी हिशेबनीस. टॉवेलवाले, चादरवाले, किराणावाले, एक-दोन मंडपवाले यांचे जीएसटीचे कागद बघतो. त्यातल्याच एका मंडपवाल्यानं माळा साफ करायला काढला तेव्हा एक लाकडी पेटी खाली आली. आत चाळीसेक रेकॉर्डी. प्रत्येकीच्या कव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेला, लेबलवर शाईच्या पेनानं साऊंड सर्व्हिसचं नाव. म्हणाला, "तीनशे द्या आणि न्या, नाहीतर उद्या रद्दीत जाईल." मी तीनशे दिले. त्यानंतर चार महिने माझ्याकडं त्या वाजवायला काही नव्हतं. बायको पाहुण्यांना सांगायची, यांनी गाणी आणलीत, बघायला.

मंडपवाल्याच्या पेटीनं मला एक मात्र शिकवलं. तिथल्या रेकॉर्डी घ्यायच्या त्या आठवण म्हणून, ऐकायला नव्हेत. जड हात, जड सुई, धूळ, आणि एकच गाणं दिवसातून आठ वेळा. 'शोले'च्या संवादांची पॉलिडोरची रेकॉर्ड त्या पेटीत दोनदा होती. १९७५ सालचा सिनेमा, पण त्याचे नुसते संवाद स्वतंत्र रेकॉर्डवर निघाले आणि गाण्यांसारखे घरोघरी, हॉटेलात, गणपतीच्या मांडवात वाजले. ती रेकॉर्ड अजूनही प्रत्येक भंगारवाल्याकडं असतेच असते. माझ्याकडच्या दोन्हींवर गब्बर बोलायला लागतो तिथला भाग काळ्याचा करडा झालाय. लोकांनी कुठून कुठपर्यंत ऐकलं ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

रेकॉर्ड पारखायची ती अशी डोळ्यांनी. दुकानात वाजवून बघायची सोय नसतेच. बोळात उजेडही नसतो, म्हणून रेकॉर्ड घेऊन रस्त्यावर यायचं आणि ती उन्हात तिरकी धरायची. सरळ धरली की सगळ्याच काळ्याभोर आणि निर्मळ दिसतात. तिरकी केली की बोलायला लागतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात त्या कव्हरात घालता-काढताना पडलेल्या. त्या दिसायला वाईट, पण कानाला फारशा लागत नाहीत. मग नख. ज्या ओरखड्यात नख हलकंसं अडकतं तिथं सुईही अडकणार. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. आडवा ओरखडा असला की दर १.८ सेकंदांनी एक टिक, भिंतीवरच्या आळशी घड्याळासारखी. गाणं चांगलं असेल तर त्या टिकेचीही सवय होते. माझी झाली आहे.

पण खरी गोष्ट लेबलवर असते. मधल्या भोकाच्या भोवती नीट बघितलं तर केसासारख्या रेषा दिसतात. अंधारात, घाईत, न बघता रेकॉर्ड खुंटीवर बसवताना ती खुंटी लेबलवर घासत जाते, त्याच्या त्या रेषा. जितक्या जास्त रेषा तितक्या वेळा कुणीतरी ती लावली. काही रेकॉर्डींच्या एका बाजूचं लेबल या रेषांनी भरून गेलेलं असतं आणि उलट बाजू कोरी. एका घराला चार गाण्यांतली दोनच हवी होती, बाकीची दोन त्यांनी उपकारादाखल ठेवून घेतलेली. विकणारा कव्हर पुसून देतो, रेकॉर्डवर खोबरेल तेलाचा हात फिरवून चकाकीसुद्धा आणतो. (तेल लावलेली रेकॉर्ड कधी घेऊ नका. वास येतोच.) या रेषा पुसायचं मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही.

७८च्या प्लेटांची जात वेगळी. त्या लाखेच्या. बांगड्यांची लाख असते तीच, दगडाच्या भुकटीत मिसळून दाबलेली. जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांना ही लाख आपल्याकडून जायची. विनाइल वाकतं, लाख फुटते. कडेला टवका उडालेल्या, बशीसारख्या तडकलेल्या किती प्लेटा मी बघितल्या त्याला गणती नाही. त्यांचे चर एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद, म्हणून सुईही वेगळी लागते, आणि माझ्या यंत्राला ती नाही. तरी मी त्या घेतो. का घेतो ते विचारू नका, घरी रोज विचारतात. साफसफाईच्या सुरुवातीच्या उत्साहात अशाच एका प्लेटेवरची बुरशी मी कापसाला स्पिरिट लावून पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराचं पॉलिश त्याच्यावरच तर चालतं, मला ते माहीतही होतं, आणि ऐन वेळी आठवलं नाही. बुरशी गेली, गाणंही गेलं.

धुणं हा सोलापुरात तसाही नाजूक विषय आहे. उजनीचं पाणी शहराला पुरायचं म्हणजे आमच्याकडं चार-पाच दिवसांनी नळ येतो. नळ आल्यावर घरातल्या माणसानं काय करावं याबद्दल घरोघरी ठाम मतं आहेत आणि त्यात रेकॉर्डी धुणं कुठंच बसत नाही. शिवाय ते पाणी जड. वाळलं की चरांत पांढरे ठिपके राहतात आणि सुईखाली तडतडतात. आता मी बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणतो. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबलवर डब्याचं झाकण दाबून धरायचं आणि चर जिकडं फिरतात तिकडंच ब्रश फिरवायचा. चाळीस-पन्नास वर्षांची धूळ चहाच्या रंगाची होऊन खाली येते. त्या धुळीत कापसाचे तंतूही असतात असं मला वाटतं. या गावातल्या कुठल्याही जुन्या वस्तूत असतात.

आणि ऊन. एकदा सहा रेकॉर्डी घेतल्या, स्कूटरच्या डिकीत टाकल्या आणि त्याच पावली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका पार्टीकडं कागद द्यायला गेलो. दहा मिनिटांचं काम दीड तासाचं झालं. बाहेर ४३ अंश होतं. काळी डिकी, काळ्या रेकॉर्डी. विनाइल ६० अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं आणि बंद डिकीला तिथवर पोचायला सोलापुरात फार वेळ लागत नाही. घरी येऊन पिशवी उघडली तर सहाच्या सहा कुरडया. लोकांनी सांगितलं म्हणून दोन काचांच्या मधे दाबून गच्चीवर ठेवल्या. चार थोड्याफार सरळ झाल्या, पण चर गेले ते गेलेच. एक अजून वाजते. सुई होडीत बसल्यासारखी वर-खाली होत जाते आणि गाणारीला दम लागल्यासारखा वाटतो. टाकवत नाही.

आता भावाचं. पंधरा वर्षांपूर्वी भंगारवाला रेकॉर्डी किलोवर द्यायचा म्हणे. आता त्याच्या हातात फोन आहे. कव्हरचा फोटो काढला की जगात कुणीतरी ती रेकॉर्ड अडीच हजाराला लावलेली दिसते, आणि मग सोलापुरातल्या बोळातली, पाणी लागलेली, कोपरा उंदरानं खाल्लेली प्रतसुद्धा अडीच हजाराची होते. त्याला मी दोष देत नाही. लावलेला भाव आणि आलेला भाव यातला फरक आमच्या हिशेबाच्या धंद्यातल्यांनाही वेळेवर आठवत नाही. मुंबई-पुण्याचे व्यापारी महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर टाकतात, सत्तरच्या दशकातल्या हिंदी एलपी उचलतात, आणि मग चाचांसारख्यांच्या दुकानात डावी-उजवी होते. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मी दोनदा जाऊन आलो. तिथं विकणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. स्वस्तात मिळायचं तर समोरच्याला आपल्याइतकंच कमी कळायला हवं, आणि ती सोय अजून सोलापुरात आहे.

मधल्या काळात मी डावीकडच्यांच्याही नादी लागलो होतो. ऑनलाइन एकानं दहा हिंदी एलपींचा लॉट लावला होता, 'उत्तम स्थितीत', भावही बरा. पार्सल आलं. कव्हरं खरंच उत्तम होती. आत कुणाच्या पोटात कुणाचं पोर. एका झगमगीत कव्हरात इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या धड्यांची रेकॉर्ड निघाली. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. ती धड्यांची रेकॉर्ड मी पूर्ण ऐकली, पैसे वसूल करायला. एक बाई दुसऱ्या बाईला स्टेशनचा रस्ता विचारतात. बारा मिनिटं विचारतात.

तेव्हापासून मी निमूटपणे उजवीकडं वळलो, आणि तिथं बसल्यावर कळलं की ही चळत म्हणजे सोलापूरच आहे. पुण्याच्या रद्दीत मराठी आणि हिंदी सापडेल. इथं एका ढिगात चार भाषा निघतात आणि त्या आळीनिहाय निघतात. कानडी रेकॉर्डी सहसा गावठाणातल्या लिंगायत वाड्यांतून आलेल्या. वाटण्या झाल्या, वाडा पाडला, की त्या बाहेर येतात. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली शरण संतांची कानडी वचनं मला अशीच वीस रुपयांना मिळाली. भीमसेन जोशींची मराठी अभंगांची रेकॉर्ड डावीकडं जाते आणि त्यांचीच दासवाणी, म्हणजे हरिदास संतांची कानडी पदं, उजवीकडं राहते. गळा तोच, पंढरपूरचा विठोबाही तोच, भाषा बदलली की भाव एक दशांश. कव्वालीच्या रेकॉर्डी, इस्माईल आझाद, अझीझ नाझां, या बहुतेक हॉटेलांतून आलेल्या. त्यांच्या कव्हरांना चहाचे गोल डाग आणि पाठीमागं उधारीचे आकडे. मराठीत लावण्या, प्रल्हाद शिंदे, नाट्यगीतं. मराठीतलं बरंचसं डावीकडं सरकू लागलंय, पण एकदा फाटक्या कव्हरात ७८ची प्लेट मिळाली तिच्या लेबलवर गीतकार म्हणून 'संजीव' छापलेलं. आमचे कवी संजीव. या गावातल्या माणसाची ओळ कुठल्यातरी स्टुडिओत गायली गेली, कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात लाखेवर उमटली, आणि कुत्रा छाप लेबल लावून परत या गावातच विकायला आली. ती मला वाजवता येत नाही, तरी भिंतीला टेकवून ठेवली आहे.

आणि तेलुगू. सगळ्यात जास्त तेलुगूच. पूर्व भागातली पद्मशाली घरं, हातमाग, मग पॉवरलूम, बायका विड्या वळणाऱ्या. मालकाच्या, सावकाराच्या घरी फोनो असायचा, नंतर कामगारांकडंही प्लेअर आले, मग कॅसेटचे टेप आले आणि या रेकॉर्डी माळ्यावर गेल्या. त्या दिवशी चाचांकडून मी सगळं उचललं, पंधरानं. सत्तेचाळीस रेकॉर्डी, पैकी एकतीस तेलुगू. लेबलवर रोमन लिपीत 'तेलुगू फिल्म' आणि सिनेमाचं नाव, गाण्याचे पहिले शब्द. वाचता येत होतं, कळत काही नव्हतं. एकच कव्हर शाबूत होतं आणि त्यावरचा मजकूर तेलुगू लिपीत, एकेका अक्षराला डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखं काहीतरी.

माझी एक पार्टी आहे, टेरी टॉवेलवाले. खाली आठ लूम, वर घर. मालक माझ्याहून थोडे लहान. मार्चचे कागद घ्यायला गेलो तेव्हा ते कव्हर बरोबर नेलं. ते म्हणाले, "मला कुठं येतंय ओ वाचायला? मी मराठी शाळेत." त्यांच्या आईला, अव्वांना, शाळाच नव्हती. नातू इंग्रजी मीडियमचा. घरात चोवीस तास तेलुगू बोलणारी सहा माणसं आणि वाचणारं एकही नाही. शेवटी नातवानं फोनचा कॅमेरा कव्हरवर धरला आणि फोननं वाचून दाखवलं. अव्वा खिडकीशी बसून विड्या वळत होत्या. हजार होत नाहीत आता, चारशे-पाचशे होतात, पण रिकामं बसवत नाही म्हणतात. फोनच्या तोंडून नाव ऐकून म्हणाल्या, "त्यात काय वाचायचंय? लाव की. ऐकून सांगते."

म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी माझं यंत्र घेऊन गेलो. सुटकेससारखं दिसणारं, बेल्टवर चालणारं, ऑनलाइन घेतलेलं. कंपनीचं नाव कशाला. लूम बंद होते. तो आवाज थांबला की त्या घरात कान गच्च झाल्यासारखं वाटतं. पहिली ईपी लावली. सुई टेकली, चरचर झाली, तंतुवाद्यांचा एक तुकडा आला, आणि गळा लागायच्या आतच अव्वा म्हणाल्या, "घंटसाला."

तेलुगू सिनेमाचे जुने गायक. मग एकामागून एक. ही सुशीला गातेय. हा तोच. हे रडायचं गाणं, लावू नको. हे मोठ्या मालकाच्या घरी होतं, आम्ही कट्ट्यावर बसायचो विड्या घेऊन, मालकीणबाई दार उघडं ठेवायच्या. घंटसालांची भगवद्गीता लागली तेव्हा मालकांनी खालचा पंखासुद्धा बंद केला. वडील गेले तेव्हा हीच लावली होती, म्हणाले. १९७४ साली घंटसाला वारले. पन्नास वर्षं होऊन गेली, आणि तेलुगू घरांत कुणी गेलं की अजून तेच गातात.

सातव्या की आठव्या रेकॉर्डला अव्वांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"हे पळायलंय."

मला कळलं नाही. मालकांनी तेलुगूत काही विचारलं, त्यांनी तेलुगूत उत्तर दिलं, मग माझ्याकडं वळून मराठीत: "गाणं पळायलंय तुझं. बाईचा आवाज बारीक झालाय. असं नव्हतं. या गाण्यात माझ्या सहा विड्या व्हायच्या."

मी हसलो. खरं सांगायचं तर मनात म्हणालो, साठ वर्षांपूर्वीचं, दुसऱ्याच्या दारातून ऐकलेलं गाणं, ते पळतंय हे हिला काय कळतंय. घरी आल्यावर तरी रुखरुख लागलीच. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवला, फोनवर घड्याळ लावलं आणि फेरे मोजले. ईपी मिनिटाला ४५. दोन मिनिटांत ९० व्हायला हवेत. ९४ झाले. पुन्हा मोजले, ९४. एलपीला तीन मिनिटांत बरोबर १०० हवेत, तिथं १०४. म्हणजे चार टक्के वेग जास्त. हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत जेवढं अंतर असतं त्याच्या निम्म्याहून अधिक सूर वर चढलेला. तीन वर्षं मी सगळं तसंच ऐकत होतो. मन्सूर तसेच, भीमसेन तसेच, आणि इंग्रजीत स्टेशनचा रस्ता विचारणाऱ्या त्या बाईसुद्धा. विड्यांचा हिशेब बघितला तर चार टक्क्यांनी तीन मिनिटांच्या गाण्यात सात सेकंदांचा फरक पडतो, त्यात विडीचं पानसुद्धा गुंडाळून होत नाही. विड्या ही नुसती मला समजावी अशी भाषा होती. अव्वांनी ऐकलं ते कानानंच.

यंत्राच्या बुडाला दोन भोकं असतात आणि आत मोटारीचा वेग कमी-जास्त करायचे बारीक स्क्रू. पण कितपत पिळायचं हे बघायला एक कागदी चकती लागते, कडेनं काळ्या रेघा छापलेली. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. ३३⅓च्या वेगानं फिरणाऱ्या चकतीवर १८० रेघा असल्या तर त्या उजेडात त्या जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढं सरकल्या तर यंत्र पळतंय, मागं सरकल्या तर रेंगाळतंय. चकती छापून घेतली, पण घरात सगळे एलईडी. त्यात रेघांचं नुसतं राखाडी सारवण दिसलं. जुनी चोकवाली ट्यूब हवी होती, आणि ती कुठं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

मालकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "आमच्या पुल्या उलट्या फिरल्यासारख्या दिसत्यात की रात्री, ते हेच ना ओ?" असं म्हणत त्यांनी लूमच्या मधल्या फळीवर यंत्र ठेवायला जागा केली. कापसाच्या तुसानं मढलेल्या ट्यूबखाली आम्ही दोघं डोकं लावून बसलो. रेघा धावत होत्या, चांगल्या वेगानं. मी चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घातला आणि अगदी तसूभर पिळला. रेघा मंदावल्या. आणखी थोडा. उलट्या निघाल्या. परत. शेवटी थरथरत एका जागी थांबल्या, नळाच्या टोकाला थांबलेल्या थेंबासारख्या. ४५चा स्क्रू वेगळा, तो कागद चिकटवून, ९० मोजून लावला.

वर गेलो तर अव्वांनी सूप मांडीवर घेतलेलंच होतं. कातरलेली पानं ओल्या फडक्यात, तंबाखूची जर्दा-वाटी, दोऱ्याचं रीळ पायाच्या अंगठ्याशी. मी तीच ईपी लावली. त्या ऐकत नव्हत्याच असं वाटलं, मान खाली, बोटं चाललेली. पान, चिमूटभर जर्दा, गुंडाळी, दोरा, तोंड मुडपून सुपात. पहिली. दुसरी. मधल्या संगीतात त्यांनी एकदा वर बघितलं, पण माझ्याकडं नाही, खिडकीकडं. नातू दारात उभा राहून मोजत होता, मोठ्यानं, इंग्रजीत. पाच झाल्या. सहावीला दोरा बांधत होत्या तेवढ्यात गाणं संपलं आणि सुई मधल्या कोऱ्या चरात जाऊन खरखरायला लागली.

त्यांनी सहावी पुरी केली, तोंड मुडपलं, सुपात टाकली.

"आता बरोबर आहे गाणं," म्हणाल्या. "हात मागं पडला माझा."

मग दोऱ्याचं रीळ शोधत म्हणाल्या, "उलटी बाजू लाव की."